हवामान अंदाजासाठी महासंगणक विकत घेताना: निविदेपासून पहिल्या अंदाजापर्यंत

२६ सप्टेंबर २०२४ रोजी देशाच्या हवामान यंत्रणेला दोन नवे महासंगणक मिळाले. पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, ‘अर्का’ आणि नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रात ‘अरुणिका’. अर्काची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स, अरुणिकाची ८.२४ (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला हजार लाख कोटी आकडेमोडी). शिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठी १.९ पेटाफ्लॉप्सची वेगळी यंत्रणा. एकूण खर्च ८५० कोटी रुपये. मुसळधार पावसामुळे पंतप्रधानांचा त्या दिवशीचा पुणे दौरा रद्द झाला आणि उद्घाटन दिल्लीतून दूरदृश्य प्रणालीने झाले.

बातमीत आकडे येतात, उद्घाटन येते. त्याआधीची दोन-तीन वर्षे आणि त्यानंतरचे काही महिने बातमीत येत नाहीत. खरे काम मात्र तिथेच असते. ही खरेदी नेमकी कशी होते, कुठे अडते आणि का अडते, ते इथे टप्प्याटप्प्याने पाहू.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. हवामान खाते विकत घेते ते ठरलेल्या वेळी हातात पडणारा अंदाज. यंत्र हे त्याचे साधन. उद्याचा अंदाज परवा तयार झाला तर तो कितीही अचूक असला तरी कचऱ्यात जातो. म्हणून या खरेदीतला प्रत्येक निर्णय अंदाज निघण्याच्या वेळेपासून उलटा मोजत यावा लागतो. ही मोजणी विसरली की बाकी सगळे नियमाप्रमाणे होऊनही चुकीचे यंत्र गळ्यात पडते.

आधी घड्याळ, मग यंत्र

जगभरची निरीक्षणे ठरलेल्या वेळांना घेतली जातात. त्यातल्या मुख्य दोन वेळा आपल्याकडे पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच अशा येतात. हवामानाचे फुगे याच सुमारास वर जातात आणि त्यांना पूर्ण उंची गाठायला दीड-दोन तास लागतात. उपग्रह, विमाने, जहाजे, रडार यांची माहिती येत राहते. काही तास वाट पाहून दार बंद करावे लागते. त्यानंतर आलेली माहिती त्या फेरीत घेत नाहीत. मग त्या सगळ्या निरीक्षणांची आधीच्या अंदाजाशी सांगड घालून ‘आत्ता वातावरण कसे आहे’ याचे चित्र तयार होते. ते झाले की मुख्य मॉडेल सुटते आणि पुढचे दहा दिवस मोजते. मॉडेल संपल्यावर नकाशे, जिल्ह्यांचे तक्ते, इशारे. शेतकऱ्यांसाठीचे कृषी हवामान सल्ले मंगळवारी आणि शुक्रवारी निघतात; त्यांनाही हेच आकडे लागतात.

या साखळीत महासंगणकाच्या वाट्याला चार तास येतात असे धरू. खरेदीच्या कागदावर पहिली ओळ हीच हवी: इतक्या जाळीचे मॉडेल, इतके दिवस पुढचे, चार तासांत पूर्ण. ‘दहा पेटाफ्लॉप्सचे यंत्र हवे’ अशी पहिली ओळ लिहिणे म्हणजे पुढच्या सगळ्या अडचणींचे बी पेरणे.

आता जाळी. मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनासाठी वारा, तापमान, बाष्प यांची गणिते सोडवते. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात. शिवाय लहान चौकोनात वारा लवकर पलीकडे पोचतो, त्यामुळे गणिताची वेळेची पायरीही निम्मी करावी लागते. म्हणजे काम आठपट. उंचीचे थर वाढवले तर त्याहून जास्त. पृथ्वीचे क्षेत्रफळ सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर आहे. १२ किलोमीटरच्या जाळीत साधारण ३५ लाख चौकोन बसतात, ६ किलोमीटरच्या जाळीत १ कोटी ४२ लाख. प्रत्येक चौकोनावर साठ-सत्तर थर धरले की गणिताचे ठिकठिकाणचे बिंदू शंभर कोटींच्या घरात जातात.

एवढा खटाटोप कशासाठी, ते सह्याद्रीकडे पाहिले की कळते. महाबळेश्वर आणि वाई यांच्यात सरळ रेषेत साधारण २४ किलोमीटर अंतर आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, वाईला त्याचा लहानसा हिस्सा. १२ किलोमीटरच्या जाळीत या दोन गावांमध्ये जेमतेम दोन चौकोन मावतात, आणि घाटाची धार त्या चौकोनांच्या सरासरीत सपाट होऊन जाते. डोंगरच बुटका झाला तर ढग कसा उचलला जाणार? ६ किलोमीटरला चार चौकोन मिळतात. तेही पुरेसे नाहीत, पण घाटमाथा आणि पर्जन्यछाया निदान वेगळे दिसू लागतात. आयआयटीएमने तयार केलेली आणि २६ मे २०२५ ला सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ या ६ किलोमीटरच्या जाळीवर चालते.

एका अंदाजावर भागत नाही, ही दुसरी गोष्ट. सुरुवातीची स्थिती किंचित बदलून तेच मॉडेल पुन्हा पुन्हा चालवतात, म्हणजे शक्यता किती टक्के हे सांगता येते. १ जून २०१८ पासून भारतात अशी २१ अंदाजांची १२ किलोमीटरची मालिका चालते. वरच्या आठपटीच्या हिशेबाने १२ किलोमीटरचा एक अंदाज म्हणजे ६ किलोमीटरच्या कामाचा आठवा भाग. २१ अंदाज म्हणजे तसली अडीचहून जास्त मोठी कामे. त्यावर चक्रीवादळांसाठीची मॉडेल, ठरावीक भागाची बारीक जाळीची मॉडेल, समुद्राची मॉडेल, आणि संशोधकांची कामे. हा सगळा तक्ता मांडून, कोणते काम किती वाजता किती यंत्रभाग (ज्यांना जोडून महासंगणक बनतो ते सुटे संगणक) अडवते हे तासातासाने रंगवले की यंत्राचा आकार आपोआप समोर येतो. बहुतेक वेळा दिसते ते असे, की सकाळी आणि संध्याकाळी यंत्र कमी पडते आणि मधल्या वेळी मोकळे राहते. मोकळी जागा संशोधनाला द्यायची, पण दैनंदिन अंदाजाचे काम आले की संशोधनाचे काम बाजूला सरकलेच पाहिजे, हा नियम यंत्र घेण्याआधीच लेखी ठरवावा. नंतर ठरवायला गेले की भांडणे होतात.

पेटाफ्लॉप्सचा आकडा कुठून येतो

२०१८ च्या जानेवारीत सुरू झालेल्या पुण्याच्या ‘प्रत्युष’चे उदाहरण घेऊ. क्रे या अमेरिकी कंपनीचे एक्ससी ४० जातीचे हे यंत्र. त्यात १,१९,२३२ कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे गणित करणारे भाग. प्रत्येक कोअर सेकंदाला २.१ अब्ज ठोके देते आणि एका ठोक्यात जास्तीत जास्त १६ आकडेमोडी करू शकते. तिन्हींचा गुणाकार करा: ४,००६ लाख कोटी, म्हणजेच ४.००६ पेटाफ्लॉप्स. पाटीवरचा ‘चार पेटाफ्लॉप्स’ हा आकडा असा गुणाकाराने येतो. यंत्र सुरू करायचीही गरज पडत नाही.

जगातल्या पाचशे यंत्रांच्या यादीसाठी लिनपॅक नावाची चाचणी घेतात. प्रत्युषने तिच्यात ३.७६ पेटाफ्लॉप्स दिले, म्हणजे शेकडा ९४. हा आकडा पाहून खूश होऊ नये. लिनपॅकमध्ये थोडी माहिती आणून तिच्यावर भरपूर आकडेमोड करतात. हवामानाच्या मॉडेलचे नेमके उलटे आहे. प्रत्येक चौकोनाला शेजाऱ्यांची माहिती हवी, ती मेमरीतून आणायची, दोन-चार आकडेमोडी करायच्या आणि परत ठेवायची. प्रोसेसर बराच वेळ माहितीची वाट पाहत बसतो. त्यामुळे खरे मॉडेल कमाल क्षमतेच्या शेकडा पाचच्या आसपासच, पुष्कळदा त्याहूनही कमी वापरते. हे जगभर असेच आहे.

अर्काची पाटीवरची क्षमता प्रत्युषच्या २.९ पट. आणि प्रत्युषवर ज्या मॉडेलला दहा तासांपर्यंत लागायचे त्याला अर्कावर चार तास लागतात असे सांगितले गेले, म्हणजे वेग अडीच पट. मेमरीचा वेग, यंत्रभागांमधले जाळे आणि मॉडेलची लिखावट यांत काही ना काही गळतेच. त्या मानाने ही गळती कमी म्हणावी लागेल.

म्हणून निविदेत पेटाफ्लॉप्स ही किमान अट म्हणून ठेवावी आणि गुण खऱ्या मॉडेलच्या वेळेला द्यावेत. आपलेच मॉडेल, आपलीच माहिती, एका कप्प्यात बांधून प्रत्येक बोलीदाराला द्यायची आणि म्हणायचे: हे चार तासांत चालवून दाखव, किती यंत्रभाग लागले ते सांग. या कप्प्याच्या तयारीला सहा महिने सहज जातात. आणि इथेच बरेच काही बिघडते. मॉडेलमध्ये जुन्या यंत्रापुरत्या केलेल्या खटपटी असतात, त्या दुसऱ्या यंत्रावर चालत नाहीत. कप्प्यातून माहिती वाचणे-लिहिणे वगळले तर बोलीदार फक्त गणिताचा वेग दाखवतात. प्रत्यक्षात मात्र फायली लिहिताना यंत्र रांगू लागते. ६ किलोमीटरच्या जाळीवर एका थराचे एक चित्र साधारण ५७ मेगाबाइटचे होते. अशी शंभर चित्रे दर तासाला, दहा दिवसांसाठी लिहायची तर एका अंदाजाची भर सव्वा टेराबाइटच्या पुढे. ते लिखाण चाचणीत हवेच.

आणखी एक. बोलीदाराकडे चाचणीसाठी पूर्ण आकाराचे यंत्र नसते. तो लहान यंत्रावर चालवतो आणि मोठ्याचा अंदाज बांधतो. हा अंदाज त्याच्यावर बंधनकारक असल्याचे करारात लिहिलेले असावे: सांगितलेली वेळ यंत्र बसल्यावर आली नाही तर जास्तीचे भाग स्वखर्चाने बसवून ती गाठायची.

मंजुरी आणि निविदा

शेकडो कोटींचा प्रस्ताव सरकारच्या मोठ्या खर्चांची छाननी करणाऱ्या व्यय वित्त समितीसारख्या पायऱ्या चढतो. तिथे ‘जुने यंत्र चालू असताना नवे कशाला’ हा प्रश्न ठरलेला. त्याला जाळीचा तक्ता आणि जुन्या यंत्राच्या सुट्या भागांचा पुरवठा कधी संपतो ती तारीख, ही दोन उत्तरे चालतात. प्रस्तावात फक्त यंत्राची किंमत धरली आणि वीज, देखभाल, माणसे सोडली तर तिसऱ्या वर्षी हात पसरावे लागतात.

निविदेच्या नियमांची चौकट केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ ची. जाहिरातीनंतर बोलीसाठी किमान तीन आठवडे, परदेशी बोलीदार अपेक्षित असतील तर चार. महासंगणकाला हा वेळ हास्यास्पद रीतीने कमी आहे. चाचणीचा कप्पा चालवायलाच दोन महिने लागतात, तेव्हा तितके द्यावेत. २०२० मध्ये २०० कोटींपर्यंतच्या खरेदीला जागतिक निविदा काढण्यावर बंदी आली. त्याच वर्षीच्या जुलैपासून ज्या देशांशी आपली जमिनीवरची सीमा आहे तिथल्या बोलीदारांना आधी नोंदणी करावी लागते. मेक इन इंडिया प्राधान्याचा आदेश २०१७ चा. एका महासंगणकात प्रोसेसर एका देशाचा, मेमरी दुसऱ्या, जाळे तिसऱ्या. त्यामुळे ‘स्थानिक हिस्सा’ कसा मोजायचा हे निविदापूर्व बैठकीतच सोडवलेले बरे.

दोन लिफाफे असतात, तांत्रिक आणि आर्थिक. तांत्रिकात पास झालेल्यांमध्ये सर्वांत कमी दर, म्हणजे एल-वन, ही सरकारी वहिवाट. हवामानाच्या यंत्राला ती जशीच्या तशी लावली की किमान अटी जेमतेम ओलांडणारे यंत्र येते. त्यावर एक साधा उपाय आहे: रक्कम जाहीर करून टाकायची आणि म्हणायचे, एवढ्या पैशांत पाच वर्षांच्या विजेसकट सर्वांत जास्त काम कोण देतो ते दाखवा. ते जमत नसेल तर दर्जा आणि किंमत दोन्हींना गुण देणारी पद्धत. पण गुण कशाला किती, आणि कोणती अट चुकली तर बोली थेट बाद, हे दोन कागद वकिलाच्या नजरेने तपासून घ्यावेत. ब्रिटिश हवामान कार्यालयाच्या मोठ्या खरेदीत काम मायक्रोसॉफ्टला मिळाले आणि अटोस कंपनी २०२१ मध्ये न्यायालयात गेली. निधीची घोषणा फेब्रुवारी २०२० ची. नव्या यंत्रावरचे अंदाज मे २०२५ मध्ये सुरू झाले.

पुरवठादार मध्येच बदलू शकतो, हेही करारात धरावे लागते. अमेरिकेच्या हवामान सेवेचे यंत्र आयबीएमचे होते. २०१४ मध्ये आयबीएमने आपला त्या जातीच्या सर्व्हरचा धंदा लेनोवो या चिनी कंपनीला विकला आणि ठरलेली क्षमतावाढ अडकली. अखेर क्रेची यंत्रे आणून ती पुरी करावी लागली. आपल्याला याचा जुना अनुभव आहे. ऐंशीच्या दशकात भारताने अमेरिकेकडे मागितलेले मोठे क्रे यंत्र मिळाले नाही. हवामानाच्याच कामासाठी वापरण्याच्या अटीवर लहान एक्स-एमपी १४ मिळाले आणि ते १९८९ मध्ये दिल्लीत बसले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही देशी महासंगणक घडवणारी संस्था उभी राहण्यामागे ही नकारघंटा होती. आजही परदेशी निर्यात परवाना कोणी काढायचा, तो नाकारला गेला तर बयाण्याचे आणि आगाऊ रकमेचे काय, हे कलम सोडू नये. विलंबाचा दंड आपल्याकडे बहुधा आठवड्याला अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त दहा टक्के असतो. एवढ्याने कंपनी हलतेच असे नाही. पैशांचे हप्ते टप्प्यांना बांधणे जास्त परिणामकारक: पोच, जोडणी, स्वीकृती, आणि मोठा हिस्सा पहिल्या यशस्वी दैनंदिन अंदाजानंतर.

वीज, पाणी आणि जमीन

यंत्र बंदरात येऊन पडले आणि खोली तयार नाही, ही या धंद्यातली सर्वांत महाग आणि सर्वांत टाळता येण्याजोगी चूक. युरोपीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्राने इंग्लंडमधल्या रेडिंगचे संगणक केंद्र इटलीत बोलोन्याला हलवले तेव्हा एका जुन्या तंबाखू कारखान्याची जागा घेऊन इमारतीचे काम यंत्राच्या आधी सुरू केले. यंत्राचा करार जानेवारी २०२० मध्ये झाला, इमारत सप्टेंबर २०२१ मध्ये खुली झाली आणि नव्या यंत्रावरचा अंदाज १८ ऑक्टोबर २०२२ ला निघू लागला.

विजेचा हिशेब सोपा आहे, पण तो कोणी करत नाही. एक मेगावॉट भार वर्षभर चालला की ८७ लाख ६० हजार युनिट होतात. दहा रुपये दराने पावणेनऊ कोटी रुपये. थंड करण्याचा खर्च वेगळा. यंत्र दीड मेगावॉटचे आणि थंड करायला आणखी चाळीस टक्के धरले तर पाच वर्षांचे बिल नव्वद कोटींच्या वर जाते. म्हणून वर म्हटले, की बोलीची तुलना विजेसकट करावी. वीज जास्त खाणारे स्वस्त यंत्र तिसऱ्या वर्षापर्यंत महाग ठरलेले असते.

वीज वितरण कंपनीकडून वाढीव भार मंजूर होऊन रोहित्र बसेपर्यंत वर्ष निघू शकते. तो अर्ज निविदेच्याही आधी जायला हवा. हजारो यंत्रभागांवरचे एक मोठे काम एकदम सुटते किंवा एकदम संपते तेव्हा भार काही सेकंदांत शेकडो किलोवॉटने वरखाली होतो; जनित्र आणि यूपीएस हा झटका सोसतात का, हे कागदावर न पाहता भार लावून पाहावे. यूपीएसवर सगळेच ठेवणे परवडत नाही. साठवण, जाळे आणि व्यवस्थापनाचे सर्व्हर त्यावर हवेतच. गणिताचे भाग बंद पडले तर काम पुन्हा सुरू करता येते. साठवण अर्धवट लिहिताना बंद पडली तर ती तपासून पुन्हा उभी करण्यात दिवस जातो.

नवी यंत्रे पाण्याने थंड होतात. प्रोसेसरवर बसवलेल्या पट्टीतून पाणी फिरते आणि ते कोमट असले तरी चालते, त्यामुळे शीतयंत्राची वीज वाचते. पण त्या पाण्याची शुद्धता सांभाळावी लागते. क्षार किंवा शेवाळ साचले की बारीक नळ्या तुंबतात आणि कोपऱ्यातले एखादे कपाट विनाकारण तापू लागते. पाण्याने भरलेल्या कपाटाचे वजन टनांत जाते, तेव्हा फरशीची क्षमता, लिफ्टचा दरवाजा आणि रस्त्यापासून खोलीपर्यंतचा मार्ग आधी मोजून घ्यावा. आग विझवण्याची गॅस यंत्रणा बसवताना तोंडांचा आवाज तपासावा. गॅस जोरात सुटतानाच्या आवाजाच्या कंपनाने हार्ड डिस्क निकामी झाल्याचे प्रकार जगात घडलेले आहेत.

स्वीकृती चाचणी

यंत्र जोडून झाले की कंपनीला सही हवी असते आणि वर्षअखेर जवळ आली असेल तर कार्यालयालाही. इथे ठाम राहावे. आधी मोजणी: जेवढे भाग कागदावर, तेवढे कपाटात. मग एकेका भागाचा मेमरीचा वेग. हजारो भागांत दहा-वीस सुस्त निघतातच, आणि हवामानाचे मॉडेल सगळ्यांत सुस्त भागाच्या गतीने चालते, कारण प्रत्येक पायरीला सर्वांना एकमेकांची वाट पाहावी लागते. वारीची दिंडी जशी सर्वांत थकलेल्या वारकऱ्याच्या पावलाने चालते तसे. हे भाग हुडकून बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग तेच मॉडेल त्याच भागांवर पुन्हा पुन्हा चालवायचे आणि उत्तरे शेवटच्या आकड्यापर्यंत जुळतात का पाहायचे. जुळली नाहीत तर कुठेतरी मेमरी किंवा जाळे गुपचूप चुकते आहे. असा दोष सापडायला आठवडे लागतात, पण तो घेऊन अंदाज काढायला बसणे धोक्याचे.

शेवटी तीस दिवसांची सलग चाचणी, खऱ्या कामांच्या रांगेसह. यात बिघाड होणारच. हिशेब करून पाहा: ३,००० भाग आहेत आणि प्रत्येक भाग सरासरी पाच वर्षांतून एकदा बिघडतो असे धरले, तरी दिवसाला दीडहून जास्त बिघाड येतात. चार तासांच्या प्रत्येक फेरीत एखादा भाग बंद पडण्याची शक्यता नगण्य नाही. म्हणून मॉडेलने ठरावीक वेळाने आपली स्थिती लिहून ठेवली पाहिजे, राखीव भाग तयार असले पाहिजेत आणि काम आपोआप तिथून पुढे सुरू झाले पाहिजे. चाचणीत मुद्दाम एखाद्या भागाची वीज काढून हे पाहावे. उपलब्धतेचा आकडाही नीट लिहावा. वर्षात ९९ टक्के म्हणजे साडेतीन दिवसांहून जास्त बंद; ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास. त्याहून महत्त्वाचे मोजमाप दुसरेच: वर्षातल्या ७३० मुख्य फेऱ्यांपैकी किती वेळेवर निघाल्या.

एका यंत्रावर ९९.९ गाठणे अवघड असते. अमेरिकेने व्हर्जिनियातल्या मनासस आणि ॲरिझोनातल्या फिनिक्स इथे प्रत्येकी १२.१ पेटाफ्लॉप्सची जुळी यंत्रे ठेवली, ती २८ जून २०२२ पासून सेवेत आहेत. एक बंद पडले की दुसरे काम उचलते. बोलोन्यात एकाच केंद्रात चार सारखे भाग आहेत. आपल्याकडे पुणे आणि नोएडा अशी दोन ठिकाणे आहेत, पण दोन्हींकडे वेगवेगळ्या घराण्यांची मॉडेल मुख्यत्वे चालतात. एकमेकांचा आधार व्हायचा तर दोन्हींकडे दोन्ही मॉडेल तयार आणि ताजी माहिती दोन्हींकडे पोचती हवी, आणि त्यासाठीची क्षमता खरेदीच्या तक्त्यातच धरलेली हवी.

मॉडेल नव्या घरात हलवताना

याला सर्वांत कमी वेळ धरला जातो आणि सर्वांत जास्त लागतो. हवामानाची मॉडेल लाखो ओळींची, मुख्यतः फोरट्रान या जुन्या संगणक भाषेत, अनेक दशकांत साचत आलेली. प्रोसेसर बदलला, लिहिलेल्या ओळी यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर बदलला की जुने झाकलेले दोष उघडे पडतात: कुठे किंमत न दिलेला चल, कुठे सारणीच्या बाहेर वाचन. जुन्या यंत्रावर तिथे योगायोगाने शून्य असायचे, नव्यावर कचरा. मॉडेल सुटते, सहाव्या दिवशी हिमालयावर वाऱ्याचा वेग अशक्य होतो आणि काम कोसळते. आयआयटीएमच्या ‘पृथ्वी’ या आयबीएम पॉवर ६ यंत्रावरून इंटेल प्रोसेसरच्या ‘आदित्य’वर येताना तर बाइटचा क्रमच उलटा होतो, जुन्या द्विमान फायली वाचण्याआधी तो फिरवून घ्यावा लागतो, नाहीतर तापमानाच्या जागी निरर्थक आकडे येतात.

नव्या यंत्राची उत्तरे जुन्याशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळत नाहीत. बेरजेचा क्रम बदलला तरी फरक पडतो. मग बरोबर कसे ठरवायचे? दोन्ही यंत्रांवर तोच अंदाज कित्येक महिने चालवून, पावसाची आणि तापमानाची चूक दोन्हीकडे सारखी आहे का हे संख्याशास्त्राने तपासून. त्यात एक पूर्ण मोसमी पाऊस आला तर उत्तम. मात्र प्रत्यक्ष बदली जून ते सप्टेंबर या काळात करू नये. त्या दिवसांत प्रत्येक फेरीवर इशारे अवलंबून असतात.

आणि एकाच दिवशी यंत्रही नवे आणि मॉडेलही नवे, असे कधीही करू नये. आधी जुने मॉडेल नव्या यंत्रावर स्थिर करायचे, मग जाळी बारीक करायची. दोन्ही एकदम बदलले आणि अंदाज बिघडला तर दोष कुठे शोधायचा?

या सगळ्या काळात दोन्ही यंत्रे सुरू असतात. म्हणजे दुप्पट वीज, दुप्पट थंडावा, आणि जुन्या यंत्राच्या देखभाल कराराला मुदतवाढ. ही रक्कम प्रस्तावात नसली की जुने यंत्र लवकर बंद करण्याचा दबाव येतो आणि तुलना अर्धवट राहते. साठवणीची माहितीही हलवायची असते. १० पेटाबाइट माहिती सेकंदाला १० गिगाबाइटने हलली तर बारा दिवस. प्रत्यक्षात लहान लहान फायलींच्या ढिगाऱ्यामुळे वेग २ गिगाबाइटवर येतो आणि दोन महिने जातात. त्याआधी कोणती माहिती ठेवायची हे ठरवण्याची बैठक लवकर घ्यावी, कारण प्रत्येक शास्त्रज्ञाला आपली प्रत्येक फाईल हवी असते.

जीपीयू किती घ्यावेत

आताच्या खरेदीत हा सर्वांत कठीण प्रश्न. फोरट्रानमधले जुने मॉडेल जीपीयूवर, म्हणजे एकाच वेळी हजारो आकडेमोडी करणाऱ्या वेगळ्या जातीच्या चिपवर, आपोआप चालत नाही. ते नव्याने लिहायला वर्षे लागतात. दुसरीकडे, जुन्या नोंदींवरून शिकणारी मॉडेल जीपीयूवर काही मिनिटांत दहा दिवसांचा अंदाज काढतात. युरोपीय केंद्राने तसे मॉडेल २५ फेब्रुवारी २०२५ पासून दैनंदिन सेवेत घेतले. पण त्यांनाही सुरुवातीची स्थिती जुन्याच पद्धतीने काढून द्यावी लागते आणि शिकण्यासाठी जुन्या मॉडेलनेच घडवलेली दशकांची माहिती लागते. मुख्य यंत्र प्रोसेसरचे आणि सोबत जीपीयूचा वेगळा भाग, ही २०२४ च्या खरेदीतली रचना म्हणून शहाणपणाची वाटते. पुढच्या वेळी प्रमाण बदलेल. करारात निम्मी क्षमता पहिल्या दिवशी आणि उरलेली दोन वर्षांनी, तेव्हाच्या तंत्रानुसार निवडण्याची मुभा ठेवली तर एकाच वर्षीच्या अंदाजावर सगळी रक्कम लागत नाही.

माणसांबद्दल थोडक्यात: यंत्र चालवणारे, मॉडेल हलवणारे आणि साठवण सांभाळणारे लोक करारापूर्वी सहा महिने हाती हवेत आणि स्वीकृती चाचणीत कंपनीच्या माणसांच्या शेजारी बसलेले हवेत. कंपनीचे अभियंते जागेवर किती वर्षे राहतील, त्यांत मॉडेल जाणणारे किती, हेही निविदेत मोजून लिहावे.

आता सगळे टप्पे जोडू. गरजेचा तक्ता आणि चाचणीचा कप्पा नऊ महिने, मंजुरी सहा ते बारा, निविदा आणि करार आठ, यंत्र घडून पोचायला सहा, जोडणी आणि स्वीकृती पाच, मॉडेल हलवणे आणि समांतर अंदाज सहा. काही कामे एकमेकांवर चढवली तरी तीन वर्षे लागतात. प्रत्युषनंतर अर्का यायला सहा वर्षे आठ महिने लागले. हेच अंतर पुढे धरले तर अर्काच्या जागी येणारे यंत्र २०३१ च्या मध्यात हवे, आणि त्याच्या गरजेचा तक्ता मांडायला २०२८ मध्ये बसावे लागेल. वाढीव विजेचा अर्जही त्याच वर्षी.